दुसरा घ्या म्हणे!

फोनमधले काही खटकले की दुकानदारापासून भाच्यापर्यंत सगळे एकच सल्ला देतात: दुसरा घ्या. आयफोनच्या बंदिस्तपणाला कंटाळलात, तर अँड्रॉइड घ्या. अँड्रॉइडमध्ये कंपनीने कोंबलेल्या ॲपना वैतागलात, तर आयफोन घ्या. हातातलाच फोन आपल्या सोयीने बदलून घ्यावा, त्यातली प्रणाली काढून दुसरी टाकावी, असे कोणी सुचवत नाही. हा मार्ग हळूहळू बुजवला जातो आहे आणि त्याची फारशी कोणाला खंतही नाही.

मराठी वाचकाने तरी तो विसरू नये. २०१०-११ च्या सुमारास बहुतेक अँड्रॉइड फोनवर मराठी मजकुराच्या जागी नुसते चौकोन दिसत. काहींवर अक्षरे उमटत, पण जोडाक्षरे फुटलेली आणि पहिली वेलांटी भलतीकडे सरकलेली. देवनागरी नीट दिसण्याची सोय अँड्रॉइडच्या ४.० या आवृत्तीत, म्हणजे २०११ च्या अखेरीस आली. आधी विकल्या गेलेल्या स्वस्त फोनांपैकी बहुतेकांना ती आवृत्ती मिळालीच नाही. ज्यांना नवा फोन परवडत नव्हता, त्यांच्यातल्या खटपट्या मंडळींनी फोन रूट केले, म्हणजे प्रणालीचा पूर्ण ताबा घेतला, आतली फॉन्टची फाइल बदलली आणि चौकोनांच्या जागी अक्षरे आणली. इतरांनी ऑपेरा मिनी ब्राउझरच्या एका आडबाजूच्या सेटिंगमध्ये शिरून अक्षरे चित्ररूपात मागवली आणि मराठी संकेतस्थळे वाचली. स्वतःची लिपी वाचता यावी म्हणून लोकांनी वॉरंटीवर पाणी सोडले होते. हौस म्हणून नव्हे.

आयफोनचा इतिहासही निराळा नाही. जे फ्रीमन यांनी जेलब्रेक केलेल्या, म्हणजे ॲपलची बंधने तोडलेल्या आयफोनसाठी ‘सिडिया’ हे ॲपचे दुकान आणले ते फेब्रुवारी २००८ मध्ये. ॲपलचे स्वतःचे ॲप स्टोअर उघडले जुलैत. होम स्क्रीनवर विजेट ठेवायला ॲपलने २०२० पर्यंत थांबवले आणि आयकॉन हवा तिथे ठेवायला २०२४ पर्यंत. जेलब्रेकवाले या सोयी कित्येक वर्षे आधीपासून वापरत होते. अमेरिकेत २०१० मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने फोनच्या जेलब्रेकला कॉपीराइट कायद्यातून सूटही दिली.

बदलणारे सगळे साधुसंत होते असे मात्र नाही. ‘सायनोजेनमॉड’ ही स्टीव्ह कॉन्डिक यांनी सुरू केलेली, स्वयंसेवकांच्या कष्टांवर वाढलेली अँड्रॉइडची मोकळी आवृत्ती. तिची पुढे कंपनी झाली, आणि तिच्या भारतातल्या हक्कांवरून २०१४ च्या डिसेंबरमध्ये मायक्रोमॅक्स आणि वनप्लस दिल्ली उच्च न्यायालयात भांडले. कंपन्यांच्या कुंपणाबाहेर पडण्यासाठी जन्मलेली प्रणाली एका कंपनीला एकाधिकाराने विकली जावी, यापरते विडंबन नाही. दोन वर्षांत कंपनीने गाशा गुंडाळला. स्वयंसेवकांनी तेच काम ‘लिनिएजओएस’ या नावाने पुढे चालू ठेवले आणि ते आजही चालू आहे.

पण ते वापरणार कसे? सॅमसंगच्या फोनमध्ये परकी प्रणाली टाकली की आतला एक इलेक्ट्रॉनिक फ्यूज कायमचा उडतो. मूळ प्रणाली परत टाकली तरी सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी परतत नाहीत. शाओमी बूटलोडर (फोन सुरू होताना प्रणाली चालू करणारा, कुलूपबंद भाग) उघडण्यासाठी अर्ज करायला आणि ताटकळायला लावते. हे सगळे सोसून फोन बदललाच, तर शेवटचे दार आपल्याकडे बँका लावून घेतात. बँकेचे किंवा यूपीआयचे ॲप फोनची झडती घेते आणि ‘तुमचा फोन सुरक्षित नाही’ असे सांगून बंद पडते. भाजीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना फोनवरूनच पैसे द्यायचे दिवस आहेत. असा फोन हौशी माणसाच्या कपाटातच राहणार.

बँकांची भीती खोटी नाही. रूट केलेल्या फोनमध्ये घातकी ॲप खोलवर शिरू शकते. मात्र लग्नपत्रिकेच्या किंवा वाहतूक दंडाच्या नावाखाली व्हॉट्सॲपवर एपीके फाइल पाठवून जी खाती साफ केली जातात, ती कंपनीने दिला तशाच, साध्यासुध्या फोनवरून. शिवाय झडतीचा निकष तपासून पाहा. कंपनीने ज्याचे सुरक्षा अपडेट केव्हाच थांबवले, असा जुना फोन बऱ्याच ॲपना चालतो. त्याच फोनवर लिनिएजओएस टाकून अलीकडच्या सुरक्षा दुरुस्त्या घेतल्या, तर चालत नाही. इथे तपासला जातो तो कंपनीचा शिक्का.

बरे, प्रतिस्पर्ध्याकडे गेल्याने तरी काय साधते? विकत घेतलेली ॲप मागे राहतात, पुन्हा पैसे मोजा. आयफोन आणि अँड्रॉइड यांच्यात व्हॉट्सॲपचे जुने संभाषण अधिकृतपणे हलवण्याची सोय २०२१-२२ पर्यंत नव्हतीच. फोन कंपन्यांनी अँड्रॉइडच्या स्वतंत्र आवृत्त्या विकू नयेत अशा अटी गूगलने घातल्या होत्या. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, तो अशाच वर्तनाबद्दल. गूगलची आधीपासून असलेली ॲप ग्राहकाला काढून टाकू द्यावीत, असेही आयोगाने बजावले होते. मार्च २०२३ मध्ये अपिलात दंड टिकला, ग्राहकाच्या हाती काही देणारे हे कलम मात्र गळाले.

सगळ्यांनी उठून फोन रूट करावा असे आमचे म्हणणे नाही. बहुतेकांनी त्या भानगडीत पडूच नये. पण ज्या दिवशी कंपनी एखाद्या फोनचे अपडेट थांबवते, त्या दिवशी त्याचा बूटलोडर बिनशर्त उघडून देण्याची सक्ती तिच्यावर सरकारने करावी. आणि रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगावे, की फोन पारखताना प्रणाली कोणाची हे पाहू नका, तिच्यात शेवटची सुरक्षा दुरुस्ती कधी झाली ते पाहा.