फोडांची कैफियत
चंद्रपूर जिल्ह्यातील मूल तालुक्यात, सोमनाथ येथे, बाबा आमटे यांनी १९६७ साली जी श्रमसंस्कार छावणी सुरू केली, तीत ऐन मे महिन्यात विदर्भाचे ऊन अंगावर घेऊन आलेले शहरी तरुण, परतल्यावर बांधाविषयी थोडे आणि तळहातावरील फोडांविषयीच फार बोलतात, अशी तक्रार वडीलधारी मंडळी करीत असतात. मला मात्र या फोडांच्या कैफियतीत गैर असे काही दिसत नाही. परोपकाराचा सूक्ष्म अहंकार बाळगून तेथे रुजू झालेल्या पदवीधराला, ज्यांच्यावर उपकार करावयास आपण आलो अशी त्याची समजूत असते, त्या कुष्ठमुक्त शेतकऱ्यांनीच, झडलेल्या बोटांच्या हातांनी, कुदळीचा दांडा कसा धरावा हे शिकवावे, यात उपकृत कोण याचा निवाडा कोणत्याही कचेरीत होणे नाही. (प्रमाणपत्राची पृच्छा करणारेही काही महाभाग निघतात, त्यांची गोष्ट निराळी.) माझ्या एका स्नेह्याने तर परतताच, घरासमोरील गटार उपसणाऱ्या कामगारांना हातमोजे का मिळत नाहीत, असा लेखी अर्ज नगरपालिकेत गुदरला, आणि त्याच्या जबाबासाठी तो अद्याप खेटे घालीत आहे.