परक्याची ठेव

वर्तमानपत्र घरात आले की वडील मंडळी अग्रलेख शोधतात आणि मुले चित्रांच्या पट्टीवर झडप घालतात. ह्या चित्रकथांस पोरखेळ म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु तो खेळ वर्षानुवर्षे, नित्यनेमाने मांडणाऱ्या मनुष्याचे चरित्र पाहिले असता, थोरांनीही घ्यावे असे पुष्कळ त्यात सापडते.

मिल्टन कॅनिफ ह्या अमेरिकन चित्रकाराचा जन्म १९०७ साली ओहायो प्रांतातील हिल्सबरो गावी झाला. १९३४ च्या ऑक्टोबरात त्याने 'टेरी अँड द पायरेट्स' ही साहसकथा आरंभिली. चीनमध्ये चाच्यांशी गाठ पडलेला टेरी नावाचा मुलगा हा तिचा नायक. चित्रकथांतील मुले बहुधा कधी मोठी होत नाहीत. टेरी मात्र वाचकांच्या देखत वाढला आणि महायुद्धात वैमानिक झाला. १९४१ साली कथेतील रेव्हन शर्मन ही स्त्री मरण पावली, तेव्हा वाचकांनी घरचे माणूस गेल्याप्रमाणे दुःखाची पत्रे धाडली.

इतके असूनही टेरी हा कॅनिफचा नव्हता! अमेरिकेत अशा चित्रकथा सिंडिकेट नावाच्या संस्था अनेक वृत्तपत्रांस पुरवितात, आणि त्या काळी पात्रांची मालकी बहुधा संस्थेकडेच राही. चित्रे काढणारा केवळ वेतनाचा धनी. म्हणून १९४५ च्या आरंभी कॅनिफने मार्शल फील्ड ह्या धनिक प्रकाशकाशी नव्या चित्रकथेचा करार केला. तिची मालकी त्याची स्वतःची राहावयाची होती. परंतु जुन्या कराराची मुदत १९४६ च्या अखेरीपर्यंत होती.

ही जवळजवळ दोन वर्षेच आम्हांस त्याच्या आयुष्यात सर्वांत मोलाची वाटतात. आपण जोपासलेली पात्रे दुसऱ्याच्या हाती जाणार, हे ठाऊक असता हात आखडता घेणे किती सोपे होते! कॅनिफने तसे केले नाही. २९ डिसेंबर १९४६ चे त्याचे अखेरचे पान, बर्फाळ विमानतळावरील टेरीच्या निरोपाचे, जाणकार आजही वाखाणतात. विश्वासाने सोपविलेला निक्षेप जसाच्या तसा परत करावा, असे आमची धर्मशास्त्रे सांगतात. ह्या गृहस्थाने तो वाढवून परत केला.

पुढे जॉर्ज वंडर ह्याने टेरीची कथा १९७३ पर्यंत चालविली. कॅनिफची 'स्टीव्ह कॅनियन' १३ जानेवारी १९४७ रोजी सुरू झाली. मालकी आली, तसा तिचा भारही आला. व्हिएतनामच्या युद्धकाळी, लष्कराचा कैवार घेणारी ही कथा पुष्कळ वाचकांस रुचेनाशी झाली. तरी त्याने ती सोडली नाही. ३ एप्रिल १९८८ रोजी तो निवर्तला आणि त्याच वर्षी जूनमध्ये कथाही थांबली.

आपले म्हणून जे असते, त्यासाठी सारेच राबतात. घरात वाटणी व्हावयाची ठरली, की सामाईक विहिरीचा गाळ काढावयास कोणी उतरत नाही, हे आपण पाहतोच. वाटणीचा दिवस ठरल्यावरही जो विहिरीत उतरतो, त्यास घरातील मुलांनी नीट पाहून ठेवावे.