दुसरी किल्ली कोणाच्या हाती?



९ सप्टेंबर २०२५ रोजी श्री. सी. पी. राधाकृष्णन उपराष्ट्रपतिपदी निवडून आले. त्यांना ४५२ मते मिळाली आणि प्रतिस्पर्धी न्या. बी. सुदर्शन रेड्डी यांना ३००. राधाकृष्णनजी तेव्हा महाराष्ट्राचे राज्यपाल होते. त्यामुळे बाड्यावर चार मराठी माणसे भेटली की एकच सूर निघे, "मुंबईच्या राजभवनातून माणूस दिल्लीला गेला, पण मराठी माणूस काही गेला नाही!"

ही खंत खोटी नाही. १९५२ पासून पंधरा उपराष्ट्रपती झाले, त्यांत मराठी मातृभाषेचा एकही नाही. सर्वांत जवळ पोहोचले ते श्री. सुशीलकुमार शिंदे. २००२ साली त्यांना ३०५ मते पडली आणि ४५४ मते घेऊन भैरोसिंह शेखावत निवडून आले.

तरीही मला वाटते, आपण प्रश्नच चुकीचा विचारतो आहोत. 'तो आपला आहे का?' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की, वेळ आली तर हा माणूस आज रात्री पहिल्या खुर्चीवर बसू शकेल का?

मी बी.कॉम. झालेला साधा बँक कारकून. राजकारणातले मला फार कळते असा दावा नाही; पण बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एवढे पक्के ठाऊक आहे. एक रोखपालाकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. एकट्याने तिजोरी उघडत नाही. दुसरी किल्ली देताना घेणाऱ्याचे गाव किंवा पोटजात कोणी विचारत नाही. हिशेब चोख आहे का आणि वेळेवर हजर असतो का, एवढेच पाहतात. देशाची दुसरी किल्ली देताना मात्र नेमके उलटे घडते.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार आपला जोडीदार स्वतः निवडतो आणि मतदार दोघांना मिळून एकच मत देतो. आपल्याकडे दोन्ही निवडणुका वेगळ्या. राष्ट्रपतींना खासदार व आमदार निवडतात, उपराष्ट्रपतींना फक्त खासदार. उमेदवार ठरतो तो पक्षश्रेष्ठींच्या बंद खोलीत. राष्ट्रपती एका प्रांताचे, तर उपराष्ट्रपती दुसऱ्या. एक या समाजाचे, तर दुसरे त्या. २०२५ साली दोन्ही बाजूंची नावे १७ व १९ ऑगस्टला जाहीर झाली, म्हणजे मतदानाच्या जेमतेम तीन आठवडे आधी. मुलीची सोयरीक जमवताना आपण याहून जास्त चौकशी करतो!

कोणी म्हणेल, हे पद शोभेचेच, मग एवढा काथ्याकूट कशाला? त्यांनी जुने दिवस आठवावेत. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन पदावर असतानाच वारले. उपराष्ट्रपती गिरी यांनी काही आठवडे काम पाहिले आणि स्वतः निवडणूक लढवण्यासाठी २० जुलैला राजीनामा दिला. मग सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांना राष्ट्रपतींचे काम पाहावे लागले. हे नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले आणि आपल्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचेही मुख्य न्यायाधीश राहिलेले. पुढे १९७९ मध्ये ते उपराष्ट्रपती झाले.

फेब्रुवारी १९७७ मध्ये फखरुद्दीन अली अहमद गेले आणि बी. डी. जत्ती कार्यवाहक राष्ट्रपती झाले. हे जत्ती एके काळी पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात मंत्री होते. नव्या जनता सरकारने नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त करण्याचा सल्ला दिला, तेव्हा ते अडखळले आणि अखेर ३० एप्रिलला त्यांनी सही केली. त्या नऊ विधानसभांत आपली भोपाळचीही होती. पदाला शोभेचे म्हणणाऱ्यांनी ती सही आठवावी.

अगदी अलीकडचे पाहा. २१ जुलै २०२५ रोजी, अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, श्री. जगदीप धनखड यांनी प्रकृतीचे कारण देऊन राजीनामा दिला. नवे उपराष्ट्रपती शपथ घेईपर्यंत, म्हणजे १२ सप्टेंबरपर्यंत, ती खुर्ची रिकामी होती. राज्यसभेचे काम उपसभापतींनी चालवले, पण तेवढ्या दिवसांत राष्ट्रपतिपद रिकामे झाले असते तर पुन्हा सरन्यायाधीशांनाच बोलवावे लागले असते.

आणि दुसऱ्याची निवड चुकली तर काय होते, हे ग्वाल्हेरकरांना कोणी शिकवायला नको. फेब्रुवारी १८४३ मध्ये जनकोजीराव शिंदे निपुत्रिक वारले. राणी ताराबाई स्वतःच लहान, दत्तक आलेले जयाजीराव त्याहून लहान. त्यांच्या नावाने कारभार कोणी पाहायचा? इंग्रजांच्या पसंतीने मामासाहेब कदम आले, थोड्याच महिन्यांत त्यांना दूर सारून दादा खासगीवाले आले. या भांडणाचा फायदा लॉर्ड एलनबरोने उचलला. २९ डिसेंबर १८४३ रोजी एकाच दिवशी महाराजपूर आणि पनिहार येथे लढाया झाल्या आणि दोन्हीकडे आपली फौज हरली. फौज कमी झाली, कारभार रेसिडेंटच्या सल्ल्याने चालू लागला. मुतालिक हा शब्द मराठीतलाच. धन्याच्या गैरहजेरीत त्याचा कारभार पाहणारा तो मुतालिक. शब्द आपल्याकडे आहे, निवडीची अक्कल मात्र आपण विसरलो.

२००७ साली सौ. प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या. शिवसेनेनेही आघाडीची शिस्त बाजूला ठेवून मराठी म्हणून त्यांना मते दिली. आपल्यालाही अभिमान वाटला, वाटायलाच हवा. पण त्याच वर्षी उपराष्ट्रपती कोण होणार, याची चर्चा आपल्यापैकी किती जणांनी केली? हमीद अन्सारी पुढे दहा वर्षे त्या पदावर होते.

घरातही तेच. नाव घेत नाही, पण आपल्याकडच्या मंडळांत अध्यक्ष लष्करचा झाला की उपाध्यक्ष मुरारचा, नाहीतर ग्वाल्हेरचा. बेरीज जमली की सगळे खूश! मग अध्यक्षमहाशय आजारी पडतात आणि उपाध्यक्षांना पासबुक कुठे आहे तेही माहीत नसते.

तेव्हा माझी विनंती एवढीच. उपराष्ट्रपतिपदाच्या मतदानाला व्हिप नसतो आणि मत गुप्त असते. पुढच्या वेळी आपल्या खासदारांना आधीच पत्र लिहू या आणि तीन प्रश्न विचारू या. हा माणूस सभागृहात विरोधकांना बोलू देईल का? सरकारला एकदा तरी 'पुन्हा विचार करा' म्हणेल का? आज रात्री पहिल्या खुर्चीवर बसू शकेल का? तिन्ही उत्तरे 'हो' आली आणि माणूस मराठी निघाला, तर बाड्यावर पेढे मी वाटीन. मराठी नसला, तरीही वाटीन.