व्रत म्हणू नका, पगार द्या

दर पाच सप्टेंबरला कुठल्या ना कुठल्या व्यासपीठावरून एक वाक्य ऐकू येतंच - "शिक्षकी ही नोकरी नव्हे, ते व्रत आहे!" इतक्या वेळा ऐकलंय की त्यापुढचं वाक्यही पाठ झालंय - "पण आजकाल तसे शिक्षक राहिले नाहीत हो." मग शाल, श्रीफळ, चहा-बिस्किटं आणि घरी. माझ्या कपाटात अशा सात शाली आहेत. थंडीत अंगावर घ्यावी अशी त्यात एकही नाही. असो.

तर मंडळी, या 'व्रत' शब्दाशीच माझं भांडण आहे. चांगली शिकलेली, शिकवायची हौस असलेली मुलं-मुली या पेशात टिकत का नाहीत, याचं उत्तर लोक त्यांच्या स्वभावात शोधतात. ध्येयवाद संपला, पैशाच्या मागे लागले, मोबाईल आला वगैरे. माझं म्हणणं असं की उत्तर आपल्या या शब्दातच आहे. व्रत म्हटलं की मोबदला विचारायचा नाही, वेळ विचारायचा नाही, आणि तक्रार केली तर व्रतभंग! स्वस्तात माणूस राबवायला याहून सोयीचा शब्द मराठीत नाही. डॉक्टरांच्या कामालाही पूर्वी व्रत म्हणत असत, पण दवाखान्याचं बिल भरताना तो शब्द काढायची कोणाची हिंमत होत नाही.

जरा आकडे बघा. (मी मराठी-इतिहासाचा मास्तर, पण एवढं गणित जमतं.) आपल्या राज्यात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षं पगारावर नव्हे, 'मानधना'वर काढायची. सुरुवातीला ते तीन-चार हजार होतं. पुढे सहा ते नऊ हजारांच्या घरात नेलं आणि दहा वर्षांहून जास्त काळ तिथेच ठेवलं. २०२३ साली वाढवलं ते प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये. शेजारच्या वर्गावर नियमित नेमणूक झालेला प्राथमिक शिक्षक सातव्या वेतन आयोगाप्रमाणे नुसत्या मूळ पगारात २९,२०० वर सुरू होतो, माध्यमिकचा ३८,६०० वर. भत्ते वेगळे. वर्ग तेवढाच, तास तेवढेच, तपासायच्या वह्या तेवढ्याच. आणि नाव काय दिलं? तर 'सेवक'! शिक्षक सुद्धा नाही. चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी, लग्नाच्या आणि घरभाड्याच्या वयात, ज्याला आपण तीन वर्षं अर्ध्या भाकरीवर ठेवतो, त्याने दुसरीकडे बघितलं तर तो लोभी कसा?

बरं, शिक्षणसेवक निदान सरकारच्या दारात तरी उभा असतो. त्याच्याही मागे उभे आहेत ते विनाअनुदानित वाले. २००१ पासून 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर शाळा वाटल्या गेल्या. २००९ साली त्यातला 'कायम' शब्द काढला आणि मग वीस टक्के, चाळीस टक्के अशा पायऱ्यांनी अनुदान यायला लागलं. वीस टक्के म्हणजे पगाराच्या शंभरातले वीस. उरलेले ऐंशी संस्थेने द्यावेत अशी कागदावरची अपेक्षा. संस्थेकडे ते नसतात, किंवा असले तरी ते इमारतीसाठी असतात. जुलै २०२५ मध्ये ही मंडळी भर पावसाळ्यात मुंबईला आझाद मैदानावर बसली होती, पुढच्या टप्प्याच्या पैशांसाठी. त्यांच्यात केस पांढरे झालेलेही होते. टीव्हीवर ते बघून आमच्या घरातलेच एकजण म्हणाले, "मास्तर लोकांना सुट्ट्या तरी किती!" मी गप्प बसलो. वयाचा फायदा घेऊन सुनावता आलं असतं, पण पाहुणे होते.

माझी एक विद्यार्थिनी होती. नाव सांगत नाही. बी.एस्सी. गणित, मग बी.एड. तालुक्याच्या गावी अशाच एका शाळेत लागली. रोज एस.टी.ने जाऊन-येऊन नऊ वर्षं तिने नववी-दहावीला भूमिती शिकवली. काढलेली आकृती पुसून मुलांना परत काढायला लावायची, प्रमेय पाठ करू द्यायची नाही. नवव्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर ती रुजूच झाली नाही. जिल्ह्याच्या गावी एका खाजगी क्लासमध्ये गेली. शाळेत मार्चपर्यंत भूमितीचा तास पी.टी.च्या सरांनी घेतला. बिचाऱ्यांनी समोर गाईड ठेवून निभावलं, त्यांचा काय दोष? पुढच्या वर्षी दहावीचा निकाल घसरला तेव्हा सभेत चर्चा झाली ती मुलांच्या मोबाईलची.

आता यात नीट बघा काय झालं ते. शिक्षिका नाहीशी झालेली नाही. ती आहे, आजही तेच प्रमेय तितकंच सुरेख शिकवते. फक्त आता ते फी भरणाऱ्यांच्या मुलांना मिळतं. ज्यांचे आई-बाप ऊसतोडीला जातात, ज्यांना शाळेखेरीज दुसरीकडे भूमिती मिळणारच नव्हती, त्यांच्या वर्गातून तिला उचलून दुसरीकडे ठेवलं गेलं. 'शिक्षक पेशा सोडतात' म्हणतात त्याचा खरा अर्थ पुष्कळदा हा असतो. आणि हे घडत असताना आपण व्यासपीठावर व्रताबद्दल बोलत असतो!

कोणी म्हणेल, ज्यांना पूर्ण पगार मिळतो ते कुठे सोडून जातात? खरं आहे. कायम झालेला शिक्षक राजीनामा देत नाही. पण तोही जातो, फक्त हजेरीपटावर सही करून जातो. त्यातले काही मुळातले कामचुकार, हे मी नाकारणार नाही. चाळीस पावलांवरून ओळखू येतात. पण मी चांगले चांगले लोक असे विझताना बघितले आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमात स्पष्ट लिहिलंय की शिक्षकाला दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षणेतर काम द्यायचं नाही. तरी जानेवारी २०२४ मध्ये मराठा समाजाच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक दारोदार फिरले. सर्वेक्षण हवं की नको हा वेगळा विषय, पण त्या दिवसांत त्यांच्या वर्गावर कोण होतं? एरवीही खिचडीचा तांदूळ मोजा, मुलांचे आधार क्रमांक जुळवा (नाही जुळले तर मूल संचमान्यतेत धरत नाहीत, म्हणजे वर्गात बसलेलं मूल कागदावर नाही!), माहिती ऑनलाईन भरा, वृक्षारोपणाचा फोटो ग्रुपवर टाका. संध्याकाळी कोणी विचारलं की आज काय शिकवलंत, तर उत्तर नसतं. असं पाच-सहा वर्षं चाललं की माणूस प्रश्न विचारणं सोडतो, पुढे शिकवणंही.

माझ्या वेळी सगळं छान होतं असं मी म्हणणार नाही. मी लागलो तेव्हा १९७७ चा खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांचा कायदा यायचा होता. एका आकड्यावर सही करून हातात दुसराच आकडा घेणारे शिक्षक मी पाहिलेत. तो कायदा आला, नोकरीला संरक्षण मिळालं, पगार वेळेवर मिळू लागला, आणि मगच आमच्यातले पुष्कळजण खरे शिक्षक झाले. रात्रीच्या शिकवण्या बंद झाल्या, वाचायला वेळ मिळाला. म्हणजे ज्या पिढीच्या ध्येयवादाचे तुम्ही गोडवे गाता, तिच्या पाठीशी कायदा होता, पगार होता आणि निवृत्तिवेतनही होतं. राज्यात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांचं ते जुनं निवृत्तिवेतन गेलं. मला दर महिन्याला पेन्शन येते म्हणून मी इथे निवांत बसून लिहितोय!

दुसरी एक गोष्ट पैशाची नाही, आणि ती प्रत्येक शाळेला उद्यापासून करता येईल. नवा शिक्षक आला की त्याला काय मिळतं? सर्वात दांडगी तुकडी, सर्वात जास्त तास, गैरहजर शिक्षकांचे ऑफ तास, वर स्नेहसंमेलन आणि सहल. जुनी मंडळी 'आम्हीही हेच भोगलंय' म्हणून मजा बघतात. सासूने सुनेला छळावं तसलाच हा प्रकार! मला पहिल्या वर्षी आमच्या हेडसरांनी मुद्दाम चार तास कमी दिले होते आणि त्या वेळात एका जुन्या बाईंच्या वर्गात मागच्या बाकावर बसायला सांगितलं होतं. बी.एड.मध्ये जे कळलं नव्हतं ते तिथे कळलं. याला शासन निर्णय लागत नाही. वेळापत्रक करणाऱ्याच्या हातात पेन्सिल आणि खोडरबर असलं की पुरे.

आपल्या नात्यातले तिघंजण संस्थांच्या कार्यकारिणीवर आहेत, आणि ते हे वाचतात हे मला ठाऊक आहे. त्यांना नमस्कार करून विचारतो. तुमच्या शाळेत गेल्या पाच वर्षांत किती शिक्षक मध्येच सोडून गेले, ते कुठे गेले आणि का गेले, हे कधी कोणी त्यांना विचारलंय का? त्यांचा शेवटचा पगार झाला का? पुढच्या सभेत इमारतीच्या रंगाच्या आधी हा विषय घ्या. सत्काराचं पत्र मात्र मला पाठवू नका, आठवी शाल ठेवायला जागा नाही.