विज्ञानवार्ता : लोहचुंबक आणि गर्भ
घरातील गर्भवती सुनेस अथवा माहेरपणास आलेल्या लेकीस डॉक्टरांनी ‘एम्. आर्. आय्.’ तपासणी सांगितली, की ‘एवढा प्रचंड लोहचुंबक, पोटातल्या जीवास अपाय तर होणार नाही ना?’ ही शंका वडील मंडळींच्या मनात आल्यावाचून राहत नाही. पुष्कळ सुशिक्षित लोक ती हसण्यावारी नेतात. आमच्या मते ती हसण्याजोगी मुळीच नव्हे. बेडकाच्या अंड्यावरील एक प्रयोगच तिच्या बाजूने साक्ष देतो.

हा बेडूक दक्षिण आफ्रिकेतील, पायांस नख्या असलेला. गर्भवती स्त्रियांशी याचा ऋणानुबंध जुना आहे! गर्भवतीचे मूत्र टोचले असता याची मादी एका दिवसाच्या आत अंडी घालते, असे १९३० नंतरच्या दशकात दिसून आले. पुढे कित्येक वर्षे इस्पितळांतील गर्भपरीक्षा या बेडकीकडूनच होत असे. असो.

याचे अंडे मोहरीएवढे. वरचा भाग काळसर, खालचा फिकट. फलित झाल्यावर सुमारे दीड तासाने त्याचे दोन भाग होतात, मग दर अर्ध्या तासाने पुढचे. लिंबू पाटावर उभे धरून आपण प्रथम दोन उभे छेद देऊन चार फोडी कराव्या आणि मग सुरी आडवी फिरवून आठ कराव्या, तसाच हा क्रम आहे : दोन उभे छेद, तिसरा आडवा. १९९८ साली अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या जेम्स व्हॅलेस, किंबर्ली मोव्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही अंडी १६·७ टेस्लाच्या चुंबकक्षेत्रात ठेवली. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या हे सुमारे तीन लक्षपटींहून अधिक. तेव्हा तिसरा छेद आडवा न जाता उभा गेला!

अंड्यात लोखंडाचा कण नसता हे घडले कसे? ज्या पदार्थांस आपण चुंबकाशी निःसंबंध समजतो, तेही त्यास किंचित प्रतिसाद देतात, हे फॅरडेने १८४५ मध्येच दाखविले होते. पेशी विभागताना तीत प्रथिनांच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा सांगाडा उभा राहतो, व तो ज्या दिशेस रोखलेला असेल त्यावरून छेद ठरतो. एकेका प्रथिनकणावरील चुंबकाचा जोर नगण्य. परंतु असंख्य कण एका नळीत एकाच रोखाने बसलेले असल्यामुळे तो साठतो व नळ्या वळतात, अशी या संशोधकांची उपपत्ती आहे.

आता इस्पितळातील यंत्र बहुधा १·५ किंवा ३ टेस्लाचे असते. मात्र ‘आकडा लहान, म्हणून चिंता नको’ एवढ्याने भागत नाही. कारण वरील प्रयोगमाला १·७ टेस्लापासूनच सुरू होते. आम्हास खरा दिलासा वाटतो तो दुसऱ्या दोन गोष्टींत. मानवी गर्भाचे हे पहिले छेद गर्भधारणेनंतरच्या पहिल्या काही दिवसांतच, म्हणजे आईस दिवस गेल्याचा पत्ताही नसतो तेव्हाच, होऊन जातात. आणि कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात २००३ ते २०१५ या काळातील चौदा लक्षांहून अधिक प्रसूतींची नोंद तपासण्यात आली. त्यांपैकी १,७३७ स्त्रियांची पहिल्या तीन महिन्यांत ही तपासणी झालेली होती. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात अशा मातांच्या मुलांत मृतजन्म, जन्मजात व्यंग, कर्करोग, किंवा दृष्टी व श्रवण यांचा दोष यांचे प्रमाण वाढलेले आढळले नाही.

परंतु त्याच अहवालात दुसरी एक गोष्ट आढळली. चित्र स्पष्ट यावे म्हणून कित्येकदा शिरेतून गॅडोलिनियम नामक धातूचे औषध देतात. ज्या मातांस गरोदरपणी ते दिले होते, त्यांच्यात मृतजन्म अथवा जन्मानंतर लगेच बालक दगावण्याचे, तसेच मुलांस पुढे सांधे व त्वचा यांचे दाहक विकार होण्याचे प्रमाण अधिक दिसले. अशा मातांची संख्या थोडी होती हे खरे. तरी डॉक्टर गर्भवतीस हे औषध अगदी निकड असल्यावाचून देत नाहीत. तेव्हा तपासणीस जाताना वडील मंडळींनी लोहचुंबकाविषयी विचारण्याआधी ‘शिरेतून काही औषध द्यावयाचे आहे काय, आणि त्यावाचून चालेल काय?’ एवढे अवश्य विचारावे.