डीजे, दफ आणि पडदा

'डीजे वाजला तर निकाह पढवणार नाही,' असं फर्मान अलीकडे ठिकठिकाणच्या मौलवींनी काढलं आहे. कानठळ्या आणि कर्ज एवढ्यापुरतं ते मलाही मान्य आहे. पण त्याला जोडून जे सांगितलं जातं, की लग्नातलं नाचगाणं ही हिंदू शेजाऱ्यांची लागण आहे, ते साफ खोटं आहे.

बुखारींच्या हदीससंग्रहातच मदिनेतलं एक लग्न आहे. हजरत आयेशांनी एका वधूची पाठवणी अन्सारी, म्हणजे मूळच्या मदिनावासी, वराकडे केली, तेव्हा करमणुकीचं काही नव्हतं का, अन्सारांना ती आवडते, असं प्रेषितांनी विचारल्याची नोंद आहे. यावर ठरलेलं उत्तर येतं: दफ, म्हणजे हातातली डफली, चालते, नाच नाही. मग ओमान आणि अमिरातींतल्या अय्यालाचं काय करायचं? लग्नात पुरुषांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात आणि हातातल्या बांबूच्या काठ्या ढोलाच्या ठेक्यावर डोलवतात. २०१४ साली युनेस्कोनं त्याला वारसा म्हणून मान्यता दिली. ही कुठल्या हिंदू शेजाऱ्याची लागण? हैदराबादेत तर गंगा उलटीच वाहिली. तिथल्या वरातीतला मरफा हा ढोलवादनाचा प्रकार निजामाच्या चाकरीत आलेल्या येमेनच्या हद्रमौती अरबांनी आणला.

इथं हरलेला माणूस दुसरा मोर्चा उघडतो: नाच चालेल, स्त्री-पुरुषांनी मिसळणं चालणार नाही, शरियत तसं सांगते. पण बहुसंख्य कुर्द सुन्नी आहेत, शरियतीची शाफई परंपरा मानणारे. त्यांच्या लग्नात बायका आणि पुरुष हातात हात गुंफून एकाच साखळीत गोवंद नाचतात, टोकाचा नाचणारा रुमाल फिरवत सगळ्यांना ओढून नेतो. केरळचे मापिळा मुसलमानही शाफईच. त्यांच्याकडे ओप्पना होते: नवरी मधोमध बसलेली, भोवती मैत्रिणी टाळ्यांच्या तालावर फेर धरून गाणाऱ्या. आमच्या कोकणातले मुसलमानही शाफई. त्यांच्या बायका हळदीला आपल्या बोलीत गाणी म्हणतात. किताब तीच, मजहब तोच, आणि रिवाज तीन. हे रिवाज त्या त्या मातीतले आहेत, आणि त्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

आता बाहेरच्या टीकाकारांकडे वळतो. वेगळं दालन दिसलं की ते 'बिचाऱ्या' म्हणून मोकळे होतात. सौदीतल्या बायकांच्या दालनात त्यांना कुणी नेलेलं नसतं, नेणारही नाही! तिथं अबाया उतरतात, फोटो निघू नयेत म्हणून कित्येकदा दारातच मोबाइल काढून घेतात आणि नाच उत्तररात्रीपर्यंत चालतो. मिश्र मांडवात अंग चोरून बसल्या असत्या, अशा कितीतरी बायका तिथं मनसोक्त नाचतात. वेगळं बसणं म्हणजे जुलूम नव्हे. तिनं कुठं बसायचं आणि नाचायचं की नाही, हे तिला न विचारता ठरवणं हा जुलूम.

आणि असा जुलूम करणाऱ्यांचा डोळा मिसळण्यावर असतो, यावर माझा विश्वास नाही. काबूलच्या लग्नहॉलांत बायका-पुरुषांची दालनं कधीपासूनच वेगळी होती. तरी २०२३ साली तालिबाननं तिथलं संगीतच बंद केलं. आपल्याकडच्या जमातींना नियम करायचाच असेल तर त्यांनी आवाजाचा आणि खर्चाचा जरूर करावा. ढोलक वाजणार की नाही, ते नवरी आणि तिच्या मैत्रिणी ठरवतील.