जोडून बनवायची आगगाडी

खेळण्यातली आगगाडी तुम्ही पाहिली असेल. सेल घातले की ती धावते. पूर्वी मात्र लाकडी आगगाडीचे आणि विमानाचे सुटे संच मिळत. पेटीत पातळ फळ्या, बारीक पट्ट्या आणि एक नकाशा असे. मुले तुकडे कापत, घासत आणि चिकटवत. विमानाच्या सांगाड्यावर पातळ कागद ताणून बसवत, पंख्याला रबर बांधत. रबराला पीळ दिला की विमान उडे!

ती मुले आता म्हातारी झाली आहेत. त्या पेट्यांची आठवण ती अजून काढतात. लोक हसतात आणि म्हणतात, "जुने ते सोने!" मला हे हसणे पटत नाही. त्यांना खरे आठवतात ते बनवण्यात गेलेले दिवस. गोंद वाळेपर्यंत थांबावे लागे. एक पट्टी वाकडी बसली तर विमान कलंडे, आणि ते का कलंडले हे स्वतःच शोधावे लागे. मोबाईलवरचे विमान असे काही विचारत नाही.

कुरखेड्यात अशी पेटी मिळाली नाही तरी अडत नाही. विमानांसाठी वापरतात ते बाल्सा लाकूड मुख्यतः दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशातून येते. सागापेक्षा ते सुमारे चौपट हलके असते. दुसऱ्या महायुद्धातल्या 'मॉस्किटो' या खऱ्या विमानातही ते वापरले होते. आपल्या जंगलातली काटेसावर याच बाल्साच्या कुळातली आहे. तिचे लाकूड मऊ आणि हलके असते. आगपेटीच्या काड्यांसाठी ते वापरतात. आणि बांबू तर आपल्याकडे भरपूर! १८७८ साली राइट बंधूंना वडिलांनी एक उडते खेळणे आणून दिले. ते बांबू, बूच, कागद आणि रबर यांचेच होते. ते मोडल्यावर त्या दोघांनी तसेच दुसरे बनवले.

आगगाडी कोणती बनवावी? कुरखेड्याला रेल्वे नाही. आपले जवळचे स्थानक वडसा. तेथून जाणारी गोंदिया–चांदा फोर्ट गाडी पूर्वी अरुंद रुळांवरून धावे. १९९० नंतरच्या दशकात तेथे रुंद रूळ आले आणि ती छोटी गाडी गेली. तिच्यासारखी इंजिने आता नागपूरच्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात उभी आहेत. घरातल्या मोठ्यांना त्या गाडीविषयी विचारा आणि तीच बनवा.

कोणी म्हणेल, अभ्यास सोडून हे काय? पण त्या दोन रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर होते. पन्नासाव्या हिश्शाची गाडी करायची तर ते किती घ्याल? सुमारे १५ मिलिमीटर. मग डब्याची लांबी, दाराची उंची, सगळे याच हिशेबाने. हे गणित फळ्यावरच्या गणितापेक्षा लवकर समजते, असे माझे मत आहे. कार्यानुभवाच्या तासाला हे काम सहज करता येईल.

यासाठी झाड मात्र तोडू नका. वाळून पडलेली फांदी पुरते. पाते वापरताना शिक्षक जवळ असू द्या. चाके गोल करणे सर्वांत कठीण. तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीला चाके बसवणारे सुतारकाका ती कशी करतात, ते आधी जाऊन पाहा.